ओल, लाकूड आणि वडीलधाऱ्यांचा आधार

पावसाळ्याची बेगमी हा कोकणातील घरसंसाराचा जुना नेम आहे. मे महिना सरत आला की उकडे तांदूळ डब्यांत भरले जातात, सुकी मासळी आणि आमसुले बरणीत जातात, लाकूडफाटा मांगरात रचला जातो, ओटीच्या ज्या बाजूने झड येते तिथे झाप किंवा ताडपत्री बांधली जाते. औषधांची महिनाभराची तजवीजही सुज्ञ घरांत केली जाते. या यादीतून एक गोष्ट मात्र बहुधा निसटते, ती म्हणजे घरातील लाकूड. आजोबांची आरामखुर्ची, आजींचा पलंग, न्हाणीघराचे दार, औषधांचा खण, पडवीतील बाकडे आणि रोज हातात असणारी काठी.

लाकडी सामानाची निगा हा घराच्या शोभेचा विषय मानला जातो. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसासाठी तो तोल, श्वास आणि झोप यांचा विषय आहे. तरुण माणूस खुर्चीवर नुसता बसतो. वृद्ध माणूस खुर्चीच्या हातांवर भार देऊन बसतो आणि त्याच हातांवर भार देऊन उठतो. रात्री अंधारात उठताना तो पलंगाची कड धरतो, कपाटाच्या कोपऱ्याला हात लावतो, दाराच्या चौकटीला टेकतो. ज्या लाकडाला आपण ‘फर्निचर’ म्हणतो, ते त्याच्यासाठी आधाराचे दुसरे हात असतात. ओलीने हे हात आतून पोकळ केले आहेत का, हे आपण वेळेवर पाहिले पाहिजे.

लाकूड ओल कशी धरते

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पण लाकूड भिजण्यासाठी पावसाचा थेंब अंगावर पडावाच लागतो असे नाही. लाकूड भोवतालच्या हवेतील बाष्प घेते आणि हवा कोरडी झाली की ते परत सोडते. हवेची आर्द्रता ६० टक्के असताना लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ११ टक्के असते. तीच आर्द्रता ९० टक्क्यांवर जाऊन तिथेच राहिली, तर हे प्रमाण सुमारे २० टक्क्यांपर्यंत चढते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळू लागतो तो याच सुमारास. मालवणच्या किनाऱ्यावर आषाढ-श्रावणात आर्द्रता कित्येक दिवस ८५-९० टक्क्यांच्या खाली येत नाही.

त्यात समुद्राचे खारे वारे असतात. हवेतील मीठ खिडकीवर, कपाटावर, बिजागरीवर बसते आणि स्वतःच ओल ओढून घेते. म्हणून लोखंडी खिळे आणि स्क्रू इथे लवकर गंजतात. खिळ्याभोवती लाकडावर काळा डाग दिसला, तर तिथे ओल मुरत आहे असे समजावे. सागासारख्या लाकडातील टॅनिन, पाणी आणि लोखंड यांच्या संयोगाने तो डाग पडतो. वरून पुसून तो जात नाही.

तिसरी वाट भिंतीची. जांभ्या दगडाचा चिरा सच्छिद्र असतो आणि पावसाळ्यात तो ओल धरतो. अशा भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कपाटाची पाठ महिनोन् महिने दमट राहते, आणि पाठ कोणी पाहत नाही. कपाट व पलंग भिंतीपासून किमान चार बोटे दूर ठेवावा, एवढा साधा उपाय पुष्कळ नुकसान टाळतो.

लाकूड फुगते ते रुंदीला. लांबीत जवळजवळ फरक पडत नाही. म्हणून पावसाळ्यात दार चौकटीत अडकते, खण घट्ट होतात. याच कारणाने खुर्चीचे सांधेही सैल होतात. पावसाळ्यात फुगलेली दांडी सांध्यात दाबली जाते आणि हिवाळ्यात आक्रसली की तिथे फट राहते. जुलैत भक्कम वाटणारी खुर्ची डिसेंबरात डुगडुगू लागते ती यामुळे. तपासणी वर्षातून दोनदा करावी लागते ती त्यासाठीच.

आधाराच्या जागांची तपासणी

पुढील तपासणीला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. ती शक्यतो घरातील तरुण व्यक्तीने करावी आणि वडीलधाऱ्यांनी बाजूला बसून दाखवून द्यावे, कारण ते नेमके कुठे हात टेकतात हे त्यांनाच ठाऊक असते.

प्रथम खुर्ची. रिकाम्या खुर्चीचे दोन्ही हात धरून ती पुढे-मागे आणि आडवी हलवावी. सांध्यातून कुरकुर ऐकू आली किंवा फट उघडताना दिसली, तर ती खुर्ची दुरुस्त होईपर्यंत वापरातून काढावी. ‘जपून बसा’ असे सांगून भागत नाही. नंतर खुर्ची उलटी करून पायांची टोके पाहावीत. लाकूड सर्वांत जास्त पाणी पिते ते कापलेल्या टोकातून, आणि रोज लादी पुसताना नेमकी तीच टोके भिजतात. बोथट पेचकसाने किंवा अंगठ्याच्या नखाने तिथे दाबून पाहावे. लाकूड मऊ लागले, तुकडा भुग्यासारखा निघाला, तर तो पाय आतून गेलेला आहे.

पलंगाखाली बॅटरीच्या उजेडात फळ्या आणि आडव्या पट्ट्या तपासाव्यात. भिंतीवरून पलंगाच्या पायाकडे येणारी मातीची बारीक नळी दिसली, तर वाळवी आली आहे. लाकडाला सुईच्या टोकाएवढी भोके आणि खाली पिठासारखा भुगा दिसला, तर भुंगेऱ्याची कीड आहे. दोन्हींसाठी औषध मारावे लागते. ते जाणकाराकडूनच करून घ्यावे आणि फवारणीनंतर सांगितलेला काळ संपेपर्यंत वृद्धांची झोपण्याची सोय दुसऱ्या खोलीत करावी. दमा असलेल्या व्यक्तीने त्या दिवशी शेजारी किंवा नातेवाइकांकडे राहणे उत्तम.

काठीच्या टोकाचा रबरी बूट काढून आतील लाकूड पाहावे. तिथे पाणी साठून टोक कुजते आणि बूट एके दिवशी निसटतो. बूट झिजला असेल तर तो लगेच बदलावा. जिन्याचा लाकडी कठडा, माळ्याची शिडी, पाट, न्हाणीघरातील चौरंग यांवरही याच पद्धतीने हात फिरवावा.

काही घरांत मुंग्या चढू नयेत म्हणून जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात. ही युक्ती जुनी असली तरी तिचे दोन तोटे आहेत. लाकूड खालून सतत पाणी पिते, आणि साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास आठवडा-दहा दिवसांत तयार होतात. वाट्या काढून टाकाव्यात आणि पायाच्या खालच्या भागाला पेट्रोलियम जेलीचा पातळ पट्टा लावावा. वाट्या ठेवायच्याच असतील, तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून त्या रिकाम्या करून, घासून, पूर्ण सुकवाव्यात.

अडकणारे दार, न निघणारा खण

न्हाणीघराचे दार हा पावसाळ्यातील सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. फुगलेले दार जोराने ओढताना वृद्धाचा तोल मागे जातो आणि खाली ओली फरशी असते. त्याहून कठीण प्रसंग म्हणजे आतून कडी लावलेली आणि दार उघडेना. घरात दुसरे कोणी नसेल, तर ओरडूनही उपयोग होत नाही. यासाठी पाऊस सुरू होण्यापूर्वीच दार घासते का ते पाहावे. घासत असेल तर सुताराला बोलवून तेवढीच कड थोडी रंधून घ्यावी. भर पावसात फार रंधू नये, कारण हिवाळ्यात तेच दार आक्रसून सैल होते. रंधलेली कड आणि दाराचा खालचा काठ रंगाने किंवा वॉर्निशने बंद केल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये. उघडे लाकूड पुन्हा फुगणारच. वृद्धांच्या न्हाणीघराला आतून कडीच नसावी, किंवा बाहेरून उघडता येईल अशी असावी. दाराबाहेर ‘आत कोणी आहे’ अशी पाटी अडकवली, तर संकोचही राहत नाही.

खण घट्ट झाले असतील, तर ते पूर्ण बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसावेत आणि ज्या पट्टीवर ते सरकतात तिथे मेणबत्ती घासावी. तेल लावू नये. त्यावर धूळ चिकटते. रोजच्या गोळ्यांसाठी मात्र असा खण निवडूच नये. दमट खणात गोळ्या मऊ पडतात, त्यांचा रंग बदलतो, कॅप्सूल एकमेकींना चिकटतात. गोळ्या मूळ पाकिटातच राहू द्याव्यात आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, स्वयंपाकघर व न्हाणीघरापासून दूर ठेवाव्यात.

बुरशी आणि श्वास

कपाट उघडताच येणारा कोंदट वास हा निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओलसर, बुरशी धरलेल्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर आणि दम्याचा त्रास होण्याचा धोका अधिक असतो, हे त्यांत स्पष्ट केले आहे. ज्यांना आधीच दमा आहे किंवा फुप्फुसांचा जुना विकार आहे, त्यांना हा त्रास लवकर जाणवतो. पावसाळ्यात रात्रीचा खोकला वाढत असेल, तर डॉक्टरांना दाखवावेच. त्याबरोबर उशालगतच्या कपाटाची पाठ, पलंगाचा खालचा भाग आणि गादीची भिंतीकडील बाजूही पाहावी.

बुरशी दिसली की आपला हात केरसुणीकडे किंवा कोरड्या फडक्याकडे जातो. तसे करू नये. कोरडे झटकल्याने तिचे सूक्ष्म कण खोलीभर उडतात. वृद्धांना दुसऱ्या खोलीत बसवावे, स्वतः मास्क व हातमोजे घालावेत, खिडकी उघडावी आणि साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बुरशी पुसून घ्यावी. मग स्वच्छ ओलसर फडके फिरवावे, कोरड्याने टिपावे आणि पंख्याखाली ती जागा पूर्ण वाळू द्यावी. वापरलेली फडकी लगेच धुवावीत किंवा टाकून द्यावीत. ब्लीचिंगचे द्रावण लाकडात खोलवर पोहोचत नाही आणि त्याचा वास दम्याच्या रुग्णाला सोसत नाही. ते व्हिनेगर किंवा ॲसिडमध्ये तर कधीच मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

डांबराच्या गोळ्या बुरशी रोखत नाहीत. त्या केवळ किडींना दूर ठेवतात. त्यांची वाफ बंद खोलीत सतत घेणे वृद्धांना आणि लहान मुलांना हितावह नाही. ‘जी-सिक्स-पीडी’ नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या व्यक्तींमध्ये त्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटू शकतात. ज्या खोलीत आपले वडील झोपतात आणि नातवंडे खेळतात, तिथे या गोळ्या नकोत.

मग हवा कोरडी ठेवावी कशी? जुलैमध्ये खिडकी उघडली म्हणून कोरडी हवा आत येत नाही, हे खरे. पण वाहती हवा लाकडाच्या पृष्ठभागावर ओल साचू देत नाही. पावसाने उघडीप दिली की समोरासमोरच्या खिडक्या आणि कपाटाची दारे तासभर उघडी ठेवावीत, वर पंखा चालू ठेवावा. झड सुरू होताच खिडक्या बंद कराव्यात. ओले कपडे वृद्धांच्या खोलीत दोरीवर वाळत घालू नयेत, कारण त्यांतील सारे पाणी हवेत आणि हवेतून लाकडात व गादीत जाते. वातानुकूलन यंत्र असेल, तर ते दिवसातून थोडा वेळ ‘ड्राय’वर चालवावे. कपाटात छोटा बल्ब लावण्याची पद्धत काही घरांत आहे. तिचे तत्त्व बरोबर आहे : २७ अंश तापमानाची, ९० टक्के आर्द्रतेची हवा दोनच अंशांनी तापली, तरी तिची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास उतरते. परंतु तापलेला बल्ब कपड्यांना टेकला तर आग लागू शकते. विसरण्याचा त्रास असलेली व्यक्ती घरात असेल, तर हा उपाय करूच नये.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा पलंग

रुग्णसेवा करणाऱ्यांना पाण्याचा त्रास बाहेरून कमी आणि आतून अधिक होतो. स्पंजिंगचे पाणी, सांडलेली पेज, मूत्राची गळती हे सारे गादीतून खाली झिरपते. गादीखाली अखंड प्लायवूड असेल तर ओल तिथेच अडकते, फळी फुगते, दुर्गंधी धरते आणि रुग्णाच्या पाठीची त्वचाही दमट राहते. दमट त्वचेवर शय्याव्रण लवकर होतात.

म्हणून चादरीखाली रबरशीट घालावी आणि ती थेट त्वचेला लागणार नाही याची काळजी घ्यावी. गादीखाली अखंड फळीऐवजी मध्ये बोटभर फटी असलेल्या पट्ट्या असाव्यात किंवा फळीला भोके पाडून घ्यावीत. दररोज चादर बदलताना गादीची एक बाजू थोडा वेळ उचलून ठेवावी. रुग्णाला खुर्चीत बसवता येत असेल, तर तेवढ्या वेळात गादी उभी करून पंख्याचा वारा द्यावा. पलंगालगतच्या टेबलावर पाण्याच्या भांड्याखाली ताटली ठेवावी.

नवा पलंग किंवा टेबल घेताना ते कशाचे आहे हे अवश्य विचारावे. भुसा दाबून केलेले एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड एकदा पाण्याने फुगले की पूर्ववत होत नाही, आणि त्यातील स्क्रू पकड सोडतात. वृद्धाचा भार ज्यावर पडणार आहे ती वस्तू किनारपट्टीवर तरी भरीव लाकडाची असावी. प्लायवूडच घ्यायचे असेल, तर भारतीय मानक ७१० चे, म्हणजे मरीन दर्जाचे घ्यावे. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे असावेत.

पाणी शिरलेच तर

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा मोसमी पाऊस सुरूही झाला नव्हता. कौले उडाली, वीज दीर्घकाळ गेली आणि अनेक घरांत पाणी वरून आले. जिल्ह्यात बांदा, खारेपाटण यांसारख्या नदीकाठच्या गावांत पाणी खालूनही येते. दोन्ही वेळी पहिले काम माणसांचे, मग औषधांचे, आणि शेवटी सामानाचे.

पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असू शकते आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. हा आजार सिंधुदुर्गाला अपरिचित नाही. भिजलेले सामान हलवताना गमबूट व हातमोजे वापरावेत. पायाला जखम किंवा मधुमेह असलेल्या व्यक्तीने त्या पाण्यात उतरूच नये. नंतर ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आपण पुराच्या पाण्यात होतो हे आवर्जून सांगावे.

लाकूड आधी स्वच्छ पाण्याने धुऊन चिखल काढावा, मग खण व दारे वेगळी करावीत आणि सारे सावलीत, वाऱ्याला, खाली विटा किंवा ठोकळे देऊन ठेवावे. लवकर वाळावे म्हणून कडक उन्हात टाकल्यास फळ्या वाकतात, चिरा पडतात. भरीव लाकूड आतून वाळायला काही आठवडे लागतात. त्याआधी पॉलिश केल्यास ओल आत कोंडली जाते. भिजलेली कापसाची गादी किंवा गिर्दा मात्र वाचवू नये. आणि वाळलेल्या खुर्चीवर वृद्धाला बसवण्यापूर्वी घरातील धडधाकट माणसाने प्रथम बसून पाहावे.

रोगणाचा ऋतू

लाकूड वाचवण्याची विद्या या जिल्ह्याला नवी नाही. सावंतवाडीचे कारागीर लाकडी खेळणी आणि गंजिफा यांना लाखेचे रोगण देत आले आहेत. लाकूड पाण्यापासून झाकून टाकणे हा त्या चकाकीचा एक उपयोग आहे. घरच्या सामानालाही हेच लागू पडते, पण एका अटीवर : रोगण सर्व बाजूंनी हवे. दिसणारी बाजू चकचकीत आणि तळ, पाठ, पायांची टोके कोरी असतील, तर लाकूड एका बाजूने फुगते आणि वाकते.

याचा योग्य ऋतू दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा. दमट दिवसांत केलेले लाखेचे पॉलिश पांढुरके पडते. वास पूर्ण जाईपर्यंत ती वस्तू वृद्धांच्या खोलीत आणू नये. जवसाचे तेल वापरल्यास तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पसरून बाहेर वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. होड्यांना व वाशांना लावले जाणारे काजूच्या टरफलाचे तेल लाकूड टिकवते, पण कातडीला लागल्यास फोड आणते. हाताच्या स्पर्शात येणाऱ्या खुर्चीला, काठीला किंवा पलंगाला ते लावू नये.

कामाची वाटणी

किनाऱ्यावरील कित्येक घरांत आज आई-वडीलच राहतात आणि मुले मुंबई-पुण्यात असतात. पलंग सरकवणे, कपाट ओढणे, शिडीवर चढणे ही कामे वडीलधाऱ्यांनी करू नयेत. आपण चाकरमानी असाल, तर मेच्या सुट्टीत आल्यावर कौले चाळून घेण्याबरोबरच कपाटे भिंतीपासून सरकवावीत, न्हाणीघराचे दार पाहावे, खुर्च्या हलवून पाहाव्यात. गणपतीला याल तेव्हा माटवी बांधण्याआधी तिचे लाकूड व दोर तपासताना पलंगाखालीही एकदा बॅटरी मारावी. दिवाळीत सुताराला बोलवून सैल सांधे भरून घ्यावेत आणि रोगण उरकावे.

आपण स्वतः वडीलधारे असाल, तर या वस्तूंची चिठ्ठी करून ठेवावी : कोणती खुर्ची कुरकुरते, कोणता खण अडतो, कोणत्या कोपऱ्यात वास येतो. मुलांनी फोनवर ‘तब्येत कशी आहे’ असे विचारले की हेही सांगावे. ते क्षुल्लक वाटून मनात ठेवू नये. आणि मुलांनीही तब्येतीपाठोपाठ ‘दार नीट लागतं ना, खुर्ची हलत नाही ना’ एवढे विचारावे.